शनिवारी बसणारं चाक

आमची मोटार पहिल्यांदा घरी आली ती बैल जोडून. गिरणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची मोटार अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतली. पण ती चालवणारा माणूस अजून मिळायचा होता आणि साहेबाला बंगला रिकामा करून द्यायची घाई होती. अण्णा वकील. त्यांच्या एका शेतकरी अशिलानं आपली बैलजोडी आणली. बैल पुढं, मोटार मागं, आणि मोटारीत पगडी-उपरण्यासकट अण्णा हातात चाक धरून बसलेले, अशी ती वरात आमच्या आळीत शिरली. बैल डावीकडं वळले की अण्णाही हातातलं चाक डावीकडं फिरवत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, नेतोय ते आपणच. आळीत विणकरांची घरं होती. त्यांचे माग त्या दिवशी घटकाभर थांबले, एवढं मला पक्कं आठवतं, कारण ती खटखट थांबली की आमच्या घरात सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, पुढच्या दोन दिव्यांच्या मधोमध कुंकू लावलं. आक्का मात्र दाराआड उभी होती. आक्का ही अण्णांची थोरली बहीण. लहानपणी लग्न झालं आणि नवऱ्याची नीट ओळख व्हायच्या आत तो प्लेगात गेला. तेव्हापासून ती माहेरीच, विधवेच्या आलवणात. शुभकार्यात पुढं यायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. पण अण्णा त्या दिवशी भलतेच खुशीत होते. मोटारीतूनच ओरडले, "आक्का, तिथनं काय बघतीस? पहिली तुलाच नेणार, तुळजापूरला!"

अण्णा बोलले आणि विसरले. आक्का विसरली नाही. तुळजाभवानी तिच्या सासरची आणि आमचीही कुलदेवता. लग्न झाल्यावर नवराबायकोला देवीच्या पायावर घालायला बैलगाडीतून नेलं होतं, ती तेवढी एकदाच गेलेली. त्या प्रवासातलं नवऱ्याचं तिला काय आठवत होतं म्हणाल, तर एवढंच की घाटात त्यानं तिला एक पेरू दिला आणि तो किडका निघाला. हे ती हसत सांगायची, पण दर वर्षी सांगायची. पुढं तिला तुळजापूरला कुणी नेलं नाही आणि तिनं कधी नेता का म्हणून विचारलं नाही. आक्कालाही काही हवं असू शकतं, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच येत नसे. आज या वयात मला त्याचा राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

मोटार ठेवायची जागा म्हणजे मागच्या अंगणातला तबेला. तिथं पूर्वी आमचा टांग्याचा घोडा मोत्या असायचा. मोटार येणार म्हणून टांग्यासकट मोत्या स्टेशनवरच्या एका टांगेवाल्याला देऊन टाकला होता. घोड्याच्या मापाच्या जागेत मोटार मावायची ती कशीबशी. तोंड गव्हाणीला टेकायचं, उजवी बाजू भिंतीला चिकटायची, आणि डावीकडचं मागचं चाक तेवढं दाराशी, तुळशीसमोर मोकळं राहायचं. हे चाक ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्याचंच आहे.

मोटारीमागोमाग दस्तगीर आला. पूर्वी तो गिरणीची लॉरी चालवायचा. उंच, हाडकुळा, आणि बोलायला लागला की निम्मं मराठी, निम्मं दखनी. सकाळी अण्णांना कोर्टात सोडायचं, पाचच्या सुमाराला आणायचं, मधल्या वेळात मोटार पुसत बसायचं. फक्त शुक्रवारी तो मोटार दुपारी तबेल्यात लावून नमाजाला जायचा, तिकडंच जेवायचा आणि मग परत यायचा. त्या दिवशी दुपारी मोटारीपाशी कुणी नसे. हेही ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा अण्णांना कशावरून तरी आपला शब्द आठवला. "नवरात्र बसायच्या आत आक्काला तुळजापूरला नेऊन आणू," ते जेवता जेवता म्हणाले. "नंतर गर्दी फार." आक्का वाढत होती. तिनं अण्णांच्या पानात शेंगाची चटणी वाढली, आणि लगेच आणखी एकदा वाढली. रविवारी निघायचं ठरलं. शनिवारी पहाटे गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत आक्का उठली आणि दशम्या भाजायला बसली. प्रवासात ती कुणाच्या हातचं खायची नाही. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या तेवढ्या तिला सोवळ्यात चालायच्या. सगळ्या घरात दशम्यांचा खरपूस वास भरला आणि त्याच वेळी मागच्या अंगणातून दस्तगीर ओरडला, "साब, चाक बैठ गया!"

दाराशी असलेलं ते डावीकडचं मागचं चाक पार जमिनीला टेकलं होतं. मोटार एका कुल्ल्यावर बसल्यासारखी दिसत होती. दस्तगीरनं पंप मारून हवा भरली, चाक उठलं, तो दिवस गेला. पण अण्णा म्हणाले, "हे असलं चाक घेऊन मी बायकामाणसांना घाटात नेणार नाही. पलीकडं मोगलाई, निजामाचं राज्य. तिथं चाक बसलं तर कुणाच्या दारात जायचं?" आणि रविवारी आम्ही सगळ्यांनी स्वयंपाकघरात पाटावर बसून दशम्या खाल्ल्या.

दस्तगीरनं चाक काढून नरसय्याच्या सायकलच्या दुकानात नेलं. अण्णाही गेले, आणि मी त्यांच्या मागं लागून गेले. नरसय्यानं ट्यूब फुगवली, घंगाळ्यात पाणी घेतलं, आणि ट्यूबचं तोंड तेवढं ओलं होऊ नये म्हणून पाण्याबाहेर धरून बाकीची सगळी ट्यूब तसू तसू बुडवून बघितली. एक बुडबुडा नाही. "सोन्यासारखी ट्यूब हाय वकीलसाहेब," तो म्हणाला. "हवा जातीच कशी?" टायरमध्ये काटा आहे का म्हणून आतून हात फिरवून बघितला. काटा नाही. चाक पुन्हा बसवलं आणि ते आठवडाभर बिनतक्रार फिरलं. आक्कानं पुन्हा दशम्यांचं पीठ काढलं. शनिवारी सकाळी चाक पुन्हा बसलं.

आता अण्णांच्यातला वकील जागा झाला. त्यांनी ओट्यावर खुर्ची टाकली आणि चौकशी सुरू केली. पहिला साक्षीदार दस्तगीर.

"काल संध्याकाळी चाकात हवा होती?"

"हौ साब. फुल होती."

"आज सकाळी नव्हती?"

"नै साब."

"मधल्या वेळात चाक कुणाच्या ताब्यात होतं?"

"तबेल्याच्या, साब."

अण्णांना हे उत्तर आवडलं नाही. मग आईला विचारून झालं, मला विचारून झालं, दूधवाल्याला विचारून झालं, शेजारच्या विणकरांच्या पोरांना बोलावून दरडावून झालं. परसात राख टाकायला येणाऱ्या मोलकरणीलासुद्धा, तुझ्या पायात जोडवी आहेत काय, त्यांना टोक आहे काय, असं विचारलं. ती बिचारी दोन दिवस कामाला आली नाही. आक्का स्वयंपाकघरात दशम्या फडक्यात गुंडाळत होती. त्या दशम्याही घरातच संपल्या.

मग अण्णांनी प्रयोग केला. मला अजून त्यांचं वाक्य आठवतं, कारण ते बोलताना त्यांनी उपरणं सावरलं होतं. "दोष चाकाचा असेल तर तो चाकाबरोबर जाईल. दोष जागेचा असेल तर जागेवर राहील." दस्तगीरनं ते चाक काढून मोटारीच्या मागं टांगलं आणि जादा चाक त्याच्या जागी लावलं. शनिवारी आम्ही सगळे सकाळी उठून तबेल्यात गेलो. मागं टांगलेलं दोषी चाक टणक होतं. आणि दाराशी लावलेलं निर्दोष चाक बसलं होतं.

माझा नातू परवा म्हणाला, "आजी, याचं उत्तर तर पंक्चर काढणारं पोरगं पाच मिनिटांत देईल." जुळे सोलापुरात त्याच्या इमारतीखाली पाच-पंचवीस मोटारी उभ्या असतात. त्याला काय कळणार! आमच्या सबंध आळीत एकच मोटार होती, आणि तिच्यात काय असतं नि काय नसतं, याबद्दल प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं.

दोष जागेचा ठरला आणि मग घरातल्या बायकांना बोलायला मोकळीक मिळाली. आई म्हणाली, शनिवारीच बसतं म्हणजे शनीची पीडा. मारुतीला तेल घातलं. शनीनं काही ऐकलं नाही. मग आईला मोत्याची आठवण झाली. "इतकी वर्षं तो तिथं बांधलेला. त्याची जागा हिसकावून घेतली. मुका जीव, त्याचा तळतळाट लागणार नाही तर काय होईल?" अण्णा हसले, पण उठून ओट्यावर फेऱ्या मारायला लागले, त्यावरून आम्ही ओळखलं की पटलंय. दुसऱ्या दिवशी आई आणि मी गूळ आणि भिजवलेले हरभरे घेऊन स्टेशनवरच्या टांग्याच्या अड्ड्यावर गेलो. मोत्या मजेत होता. आईनं सगळ्या टांगेवाल्यांसमोर त्याला हात जोडले आणि म्हणाली, "बाबा, राग धरू नकोस." मोत्यानं गूळ खाल्ला, हरभरे खाल्ले, आणि आईच्या पदराचा कोपराही तोंडात घेतला. तो सोडवायला दोन माणसं लागली. आईला वाटलं, मोत्याला माया आली. शनिवारी चाक बसलं.

शेवटी अण्णांनी तबेल्याची जमीन उकरायचं ठरवलं. दोन गडी आले. हातभर खोल खणल्यावर मोत्याच्या, आणि कदाचित त्याच्याही आधीच्या घोड्यांच्या, नालांचे गंजके खिळे मूठभर निघाले, आणि एक अख्खी नाल. अण्णांच्या चेहऱ्यावर निकाल आपल्या बाजूनं लागल्याचा आनंद पसरला. "हा बघा पुरावा," त्यांनी सगळ्या आळीला ते खिळे दाखवले. जमीन चोपून सपाट केली, वर शेण सारवलं. "आता चाक बसणार नाही," ते म्हणाले, "आणि बसलं, तर यंदा तुळजापूर नाही. नवरात्र तोंडावर आलंय. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी हा शब्द ऐकला तेव्हा आक्का कारली चिरत होती. तिचा हात विळीवर घसरला आणि बोट चांगलंच कापलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

शुक्रवार देवीचा, म्हणून आमच्याकडं शुक्रवारी दुपारी देवाची उपकरणी घासायची. हे काम आक्काचं. त्यात ती कुणाला हात लावू द्यायची नाही. पण त्या दिवशी बोटाला चिंधी बांधलेली. "सुमे, तू घास आज," ती मला म्हणाली. "मी सांगते तसं कर, पण." विहिरीजवळच्या दगडावर मी बसले. भिजवलेली चिंच, चुलीतली चाळलेली राख, आणि समोर ढीग: समई, निरांजनं, घंटा, पळी, पंचपात्र. आणि त्यात अंगठ्याच्या पेराएवढं एक पितळेचं काहीतरी.

"आक्का, हे कशाचं गं? निरांजनाचं बूड का?"

"ते चाकाचं. नीट घास, खाचांतनं काळं राहतं."

"चाकाचं?"

"दाराशी असतं की ते चाक, त्याचं टोपण. बाकीच्यांची काळी लोखंडी आहेत मेली. हे एकच पितळेचं आहे, म्हणून काढून आणते दर शुक्रवारी. देवाच्याबरोबर घासून होतं. मध्ये ते चाक बदललं बघ, तेव्हा टोपण मागं लटकवलेल्या चाकावर गेलं होतं. मी काढून परत दाराशी आणून लावलं. तुळशीसमोरच्या चाकाला नको काय पितळेचं?"

मला अजून काही उमगलं नव्हतं. टोपण घासून झालं, धुऊन झालं. "आता चल," आक्का म्हणाली, "तोंड राहिलंय." तबेल्यात ती चाकापाशी वाकली. टोपण काढलं की चाकातून पितळेची एक नळी बाहेर आलेली दिसते. तीही पितळेची, म्हणजे घासलीच पाहिजे. आक्कानं कडुनिंबाच्या काडीला चिंधी गुंडाळली होती. ती चिंचेच्या कोळात बुडवली, राखेत घोळवली आणि माझ्या हातात दिली. "आत घालायची आणि फिरवायची."

मी आत घातली. फुस्स झालं. मी दचकून हात काढला.

"काही नाही गं," आक्का म्हणाली. "सुस्कारा सोडतंय. दर वेळी सोडतं. दिवसभर हिंडतं बिचारं, बरं वाटत असेल त्याला."

"आक्का, ती हवा आहे!"

"हो की. दस्तगीर भात्यानं भरतो की. घेतलेला श्वास सोडायचा नाही काय?"

नळीच्या तोंडाशी चिंचेचा कोळ साचला होता. त्यात एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. पुन्हा दुसरा आला. नरसय्याच्या घंगाळ्यात सबंध ट्यूबभर शोधून न सापडलेला बुडबुडा आमच्यासमोर आरामात फुगत होता. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. आक्का शिकलेली नव्हती, पण तिला दोनदा सांगावं लागत नसे.

"सुमे," ती म्हणाली, "शनिवारचं चाक ते हेच?"

"हेच."

"म्हणजे मीच गं?"

ती तबेल्याच्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "मी देवीला म्हणायचे, बाई, एवढं चाक तुझ्या दारापर्यंत आण. मला दुसरं काय करता येतंय? म्हणून घासत होते." मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि आधी बाहेर पडलं ते हसू. मी घाबरले. पण आक्कानं माझ्याकडं बघितलं, चाकाकडं बघितलं, उकरून सारवलेल्या जमिनीकडं बघितलं, आणि पदर तोंडात कोंबून ती अशी हसायला लागली की तिचं सगळं अंग हलत होतं. तिला तसं हसताना मी त्याआधी बघितलंच नव्हतं.

आम्ही हसत असतानाच दस्तगीर नमाजाहून आला. त्याच्यापासून लपवून भागणार नव्हतं. त्यानं खाली बसून नळीच्या आतला, हवा अडवणारा पेच पिळून बाहेर काढला. त्याच्यावर काळ्या चिखलाचा थर चढला होता. त्यानं तो हुंगला. "ये तो चिंच है," तो म्हणाला. मग आक्काकडं बघून अगदी गंभीरपणे, "आक्का, चाकात आमटी करायची होती काय?"

त्यानं पेच रॉकेलात धुतला, नळी फुंकून साफ केली, हवा भरली. मी म्हटलं, अण्णांना सांगू या. दस्तगीरनं दोन्ही कानांना हात लावले. "अब्बी नक्को. साब खटला चालवतील. तारीख पडेल. तुळजापूर राहून जाईल." हे तिघांनाही पटलं. जाताना आक्कानं टोपण चाकाला लावलं नाही, पदराच्या गाठीत बांधलं.

शनिवारी सकाळी चाक ताठ उभं होतं. अण्णांनी त्याला बोटानं टिचकी मारली, काठीनं मारलं, शेवटी पायानं मारलं, आणि आत येऊन आईला म्हणाले, "पुरावा असला की सगळं होतं." ते खिळे त्यांनी एका पुडीत बांधून ठेवले होते. पुडी बरोबर घ्यायलाही ते विसरले नाहीत. वाटेत कुणी भेटलं तर दाखवायला.

रविवारी आम्ही निघालो. पुढं दस्तगीर आणि अण्णा, मागं आई, आक्का आणि मी, आक्काच्या मांडीवर दशम्यांचा डबा. मोटार वेशीबाहेर पडली तेव्हा ती डब्याला म्हणाली, "बाहेर पडलात एकदाचे." दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं होती, वारा असा लागत होता की आईला पदर दोन्ही हातांनी धरावा लागला. आक्कानं तो एका हातानं धरला होता. दुसऱ्या हातात पदराची गाठ होती. अण्णा मागं वळून वळून सांगत होते की लोखंडाचा गंज जमिनीतून रबराला कसा बाधतो. मोगलाईच्या नाक्यावरच्या शिपायालाही त्यांनी ते सांगितलं. आक्का खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. आई म्हणाली, "वन्सं, हुडहुडी भरली काय?"

घाटाच्या पायथ्याशी मोटारीला पाणी पाजायला थांबलो. अण्णा उतरले, चाकांभोवती एक फेरी मारली, आणि डावीकडच्या त्या मागच्या चाकापाशी उभे राहिले. "दस्तगीर, ह्याचं टोपण कुठाय?"

दस्तगीर आभाळात ढग आहेत का ते बघायला लागला. मी बांगड्या मोजायला लागले. आक्कानं पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढं केला. घासून लखलखीत केलेलं टोपण उन्हात चमकलं.

"हे तुझ्याकडं कसं?"

"माझ्याकडंच असतं की, शुक्रवारी. देवीच्या पायांना लावायला आणलंय."

"शुक्रवारी? दर शुक्रवारी?"

"दर."

"आणि शनिवारी चाक..." अण्णा थांबले. त्यांचा हात कोटाच्या खिशाकडं गेला, जिथं खिळ्यांची पुडी होती, आणि तिथंच राहिला. मग एकदम आईचा आवाज आला, "अहो, आणि मी त्या मेल्या घोड्याच्या पाया पडले!"

दस्तगीरला हसू आवरेना, तो पाण्याची बादली घेऊन मोटारीच्या पलीकडं गेला. अण्णा हसले नाहीत. "आक्का, तू मला सांगितलं का नाहीस?"

"मला परवापर्यंत ठाऊकच नव्हतं रे."

"पण चाकाला हात लावतेस हे तरी?"

"तू विचारलंस कुठं?" आक्का म्हणाली. ती रागानं बोलली नाही. चटणीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. "सगळ्यांना विचारलंस. दूधवाल्याला विचारलंस. घोड्यालासुद्धा बायको पाठवून विचारलंस. मला कुणी विचारलंच नाही की."

घाटाखाली वारा जोरात सुटला होता. अण्णांनी खिशातून पुडी काढली, खिळे रस्त्याकडेच्या खड्ड्यात टाकून दिले आणि वर पायानं माती लोटली, पुन्हा कुणाच्या चाकात जायला नकोत म्हणून. आक्कानं पुढं केलेलं टोपण त्यांनी घेतलं नाही. तिची मूठ मिटवली आणि म्हणाले, "आधी देवीला लाव. मग चाकाला लावू."

देवळात त्यांनी स्वतः गर्दीतून वाट काढून आक्काला पुढं नेलं. आई मागं, मी मागं. आक्का सगळ्यांच्या पुढं, हे मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं. पुजाऱ्यानं टोपण उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "हे काय आहे?" अण्णा म्हणाले, "नवसाचं आहे." त्यानं ते देवीच्या पायांना लावून कुंकवासकट परत दिलं. पुढं ती मोटार होती तोवर दर शुक्रवारी दस्तगीर टोपण काढून आक्काच्या हातात द्यायचा, घासून झालं की मागून घ्यायचा, आणि नळीवर स्वतःचा पंजा ठेवून बसायचा. घरात काही बिघडलं, हरवलं, की अण्णांची पहिली हाक आक्काला असायची. "मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून ती सुरुवात करायची आणि मग अर्धा तास थांबायची नाही. टोपण माझ्या देवघरात आहे. सुनेला ते पावडरीनं घासू देत नाही मी.

त्या दिवशी परत येताना घाट उतरून आलो तर वळणावर एक बाई पेरू घेऊन बसली होती. अण्णांनी मोटार थांबवली. उतरले, एकेक पेरू हातात घेऊन दाबला, हुंगला, उन्हाकडं धरला. ती बाई म्हणाली, "आवो, घ्या की आता. पेरू हाय, पोरगी बघायला आलाय काय?" अखेर एक निवडून त्यांनी धोतरानं पुसला आणि खिडकीतून आक्काच्या हातात दिला. आक्कानं तो थोडा वेळ नुसता धरला. मग चावा घेतला. आम्ही सगळे, दस्तगीरसुद्धा, तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"चांगला आहे की," ती म्हणाली.

अण्णांनी मोठा श्वास सोडला. "किडका निघाला असता म्हणजे?"

"तरी खाल्ला असता," आक्का म्हणाली. "तेव्हाही खाल्लाच होता."